गल्ल्याला कुलूप आहे, ब्राउझरला आहे का?



रविवारच्या व्हिडिओत ब्राउझरच्या सेटिंगवर बोललो. कुठलं बटण कुठं आहे ते दाखवून झालं, पण ते का दाबायचं हे नीट सांगायचं राहून गेलं. म्हणून इथे लिहून ठेवतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. अकोल्याच्या एका बॅचमध्ये मी जीएसटी पोर्टल दाखवत होतो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला, समोर चाळीसेक जण. कुणाला डाळीचं पॅकिंग सुरू करायचं, कुणाला मसाले, एकाला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मी लॉगिनच्या चौकोनात क्लिक केलं आणि खाली यादीच उघडली. माझा युजर आयडी, आणि ज्यांना मी पूर्वी कधी मदत केली होती अशा दोन दुकानदारांचेही. सगळं भिंतीवर मोठ्या अक्षरात. ते मी घाईघाईनं झाकतो न झाकतो तोच उजव्या कोपऱ्यात लाल चौकट आली: 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले!' मागच्या बाकावरून एक भाऊ म्हणाले, "सर, तुमच्याच कॉम्प्युटरले ताप आला वाटते!"

सगळे हसले. मी पण हसलो. घरातल्या पोरानं कुठंतरी काहीतरी दाबलं असेल, असं सांगून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मीच दाबलं होतं. फुकटात क्रिकेटची मॅच दाखवणाऱ्या एका साइटवर 'अलाउ' आलं, मॅच सुरू व्हावी म्हणून दाबून मोकळा झालो. जो माणूस तुम्हाला 'ऑनलाइन सावध राहा' म्हणून सांगत फिरतो, त्याच्या लॅपटॉपची ही अवस्था.

त्या दिवसापासून माझं मत बदललं. 'सावध राहा' हा सल्ला मी देणं बंद केलं. तो खोटा नाही, पण निरुपयोगी आहे. संध्याकाळी सहाला काउंटरवर चार गिऱ्हाईकं उभी, मालाचा टेम्पो बाहेर, फोन वाजतोय, अशा वेळी कोण सावध राहणार? आपलं लक्ष नसतानाही जी काम करते ती गोष्ट म्हणजे सेटिंग. एकदा डोकं थंड असताना करून ठेवायची. राजकमल चौकात गाडी लावताना आपण हँडल लॉक करतो, ते काय दर वेळी चोर दिसला म्हणून करतो का?

आता एक गोष्ट सांगतो. अमरावतीजवळच्या एका गावच्या ताई. त्यांनी गोष्ट सांगायला परवानगी दिली, नाव-गाव लिहायला नाही. बचत गटातल्या दहा जणी मिळून पापड, मूगवड्या, कुरड्या, सरगुंडे करतात. हिशेब ताईंकडे, कारण घरात मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप आहे. कर्जाच्या फाइलसाठी बँकेनं उद्यम प्रमाणपत्र मागितलं. ताईंनी गूगलवर 'उद्यम रजिस्ट्रेशन' टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. त्यावर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं होतं, म्हणजे ती जाहिरात होती. साइटवर तिरंग्याचे रंग, फॉर्म अगदी सरकारी थाटाचा. शेवटी २,७०० रुपये मागितले, ताईंनी भरले. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, आधारचा ओटीपी आला असेल, सांगा." ताईंनी सांगितला. संध्याकाळी ईमेलवर प्रमाणपत्र आलं. खरंखुरं.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? काम तर झालं.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे. आधार, पॅन आणि धंद्याची माहिती लागते. कागद अपलोड करायचे नसतात, सगळं आपल्या स्वतःच्या घोषणेवर असतं. फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो. त्या साइटनं ताईंचीच माहिती त्याच फुकट फॉर्ममध्ये भरली आणि मध्ये २,७०० रुपये घेतले. अशा साइटवर तळाशी, कुणी वाचणार नाही अशा अक्षरात, 'आम्ही खासगी सल्लागार आहोत' असंही बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. म्हणजे भांडायला जावं तर तेही कठीण.

पण २,७०० रुपये हे छोटं नुकसान. मोठं नुकसान हे की त्या दोन दिवसांत ताई दोन गोष्टी शिकल्या. शोधल्यावर सगळ्यात वर येतं ते सरकारी असतं. आणि फोनवर ओटीपी सांगितला की काम होतं. चुकीच्या सवयीचं बक्षीस म्हणून खरं प्रमाणपत्र हातात पडलं, मग ती सवय पक्की का होणार नाही?

त्याच दिवसांत कधीतरी, बहुधा अशाच कुठल्या तरी साइटवर, ताईंनी 'अलाउ' दाबलं असणार. आठ-नऊ दिवसांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यात लाल इशारे यायला लागले. एकावर क्लिक केलं तर पूर्ण पडदाभर चेतावणी, भोंग्याचा आवाज, एका मोठ्या कंपनीचं चिन्ह आणि खाली फोन नंबर. लॅपटॉप मुलीचा, परीक्षा जवळ. घाबरून ताईंनी फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. त्यानं लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकायला लावलं, मोबाइलवरही एक ॲप. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला होताच. ओटीपी मोबाइलच्या पडद्यावर आला आणि तो पडदा त्या माणसालाही दिसत होता. ४१,३०० रुपये गेले. ताईंचे नाही, दहा जणींचे.

दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. नंतर तक्रार झाली, थोडी रक्कम पुढच्या एका खात्यात अडकवली गेली, बाकी नाही मिळाली. आज ताई आपल्या वाट्याच्या विक्रीतून नऊ जणींचे पैसे थोडे थोडे परत करत आहेत. गटानं मागितले नाहीत. "मागतले नाही म्हणून तर जास्त लागते, सर," असं त्या मला म्हणाल्या.

या सगळ्यात चूक कुठली, असं विचारलं तर लोक म्हणतात, फोनवर बोलायला नको होतं. बरोबर आहे. पण फोन हा शेवटचा दरवाजा. त्याच्या आधीचे तीन दरवाजे उघडे होते आणि ते तिन्ही ब्राउझरमध्ये होते: साइटपर्यंत पोचायचा रस्ता, 'अलाउ'चं बटण आणि साठवलेला पासवर्ड.

पहिला दरवाजा, रस्ता. धंद्याच्या ज्या साइट नेहमी लागतात त्यांच्यापर्यंत शोधून जायचंच नाही. पत्ता एकदा नीट बघून टाइप करायचा, पान उघडलं की वरच्या पट्टीतल्या तारेवर क्लिक करायचं. झाला बुकमार्क. त्यानंतर कायम तिथूनच जायचं. उद्यमसाठी उद्यमरजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन. जीएसटीसाठी जीएसटी डॉट जीओव्ही डॉट इन. खाद्यपदार्थ करत असाल तर फॉसकॉस डॉट एफएसएसएआय डॉट जीओव्ही डॉट इन. बहुतेकांचं काम या दोन-तीन साइट आणि आपली बँक यांवर भागतं. बुकमार्कची पट्टी कायम दिसेल अशी ठेवा, सेटिंग्जमध्ये 'अपिअरन्स' खाली ते बटण आहे. ब्राउझर उघडताच यातलं एखादं पान आपोआप उघडेल असंही 'ऑन स्टार्टअप' मध्ये ठेवता येतं.

पत्ता वाचायची एक युक्ती सांगतो. पहिली तिरपी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तर सरकारी. 'जीओव्ही' हे अक्षर मध्येच कुठंतरी आहे आणि शेवट डॉट ऑर्ग, डॉट को, डॉट ऑनलाइन असा आहे, तर ते सजवलेलं नाव आहे, सरकार नाही. बँकांचं तर आता आणखी सोपं झालं. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांना आपापल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्यायला सांगितलं, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. हा शेवट बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तुमचा बँकेचा बुकमार्क जुना असेल तर आजच तपासा.

आता इथे थोडी तक्रार करतो, कारण दोष सगळा आपलाच नाही. सरकारी यंत्रणाच कधीकधी आपल्याला गोंधळात टाकते. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची टूम निघाली, आठवते? काम तीन कंपन्यांना विभागून दिलं, तिघांच्या साइट वेगळ्या, आणि त्या खऱ्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नाही. बनावट साइट निघणारच होत्या, निघाल्या, आणि मग परिवहन विभागाला इशारे द्यावे लागले. सौर पंपाच्या कुसुम योजनेतही तेच. केंद्राच्या मंत्रालयानं नोंदणीचे पैसे मागणाऱ्या बनावट साइटबद्दल पुन्हा पुन्हा सावध केलं, आणि तेव्हा आपल्या राज्यातलं खरं पोर्टल होतं महाऊर्जाचं, ज्याचा शेवट डॉट कॉम. शेतकऱ्यानं ओळखायचं कसं? सरकारनं लोकांकडून पैसे किंवा आधार घेणारी प्रत्येक साइट जीओव्ही डॉट इन वरच चालवावी, हा नियम मोडायची मुभा कुणालाच नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोपर्यंत आपण उलटीकडून जायचं. आधी खात्याची मुख्य साइट उघडायची, जशी परिवहनसाठी ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन, आणि तिच्यावरच्या दुव्यावरून पुढे जायचं. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नाही, मग ती मोठ्या काकांनी पाठवलेली असली तरी.

दुसरा दरवाजा, 'अलाउ'. हा बंद करायला खरंच एक मिनिट लागतं. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. तिथे साइटना नोटिफिकेशन पाठवू न देण्याचा पर्याय निवडा. मग तिथेच खाली, ज्यांना आधी परवानगी दिली गेली आहे त्यांची यादी असेल. ती बघून तुम्ही चाट पडाल. माझ्या यादीत एकवीस नावं होती, त्यातली दोन ओळखीची. सगळी काढून टाका. मोबाइलवरही तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज असाच रस्ता आहे. एज किंवा फायरफॉक्स वापरत असाल तर नावं थोडी इकडेतिकडे, सेटिंग्जच्या शोधायच्या चौकोनात 'नोटिफिकेशन' टाइप केलं की सापडतं.

कुणी म्हणेल, मग बँकेची सूचना कशी येणार? बँकेची सूचना एसएमएसवर आणि बँकेच्या ॲपवर येते, ब्राउझरच्या कोपऱ्यात नाही. धंद्याचं असं एकही काम मला अजून दिसलं नाही की जे ब्राउझर-नोटिफिकेशनशिवाय अडतं.

तिथंच शेजारी 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स' आहे, ते बंद असू द्या. इथे मात्र एक अडचण येते. एखाद्या सरकारी किंवा बँकेच्या साइटवर पावती नव्या खिडकीत उघडते, आणि पॉप-अप बंद असल्यामुळे ती दिसत नाही. मग आपला नेहमीचा सल्लागार सांगतो, "पॉप-अप चालू करून टाका ना भाऊ." करू नका. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एक छोटं चिन्ह येतं, तिथून फक्त त्या एका साइटला परवानगी द्या. एका पाहुण्यासाठी दार उघडायचं, बाकी वाड्याचं फाटक सताड ठेवायचं नाही.

हे मी जोर देऊन सांगतो, कारण आपल्याकडच्या ठेकेदार मंडळींनी याचा जुना त्रास भोगलेला आहे. ई-टेंडर भरायला जावा लागायचं आणि इंटरनेट एक्सप्लोरर लागायचं, तो काळ आठवा. डिजिटल सही चालावी म्हणून सुरक्षेची सेटिंग खाली ओढायला सांगायचे. टेंडर भरून व्हायचं, सेटिंग मात्र तशीच खाली राहायची, वर्षानुवर्षं. क्रोमनं २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सनं २०१७ मध्ये जावाचं प्लगिन बंद केलं, १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झालं, तरी 'काम अडलं की सुरक्षा खाली ओढा' ही सवय काही निवृत्त झाली नाही.

तिसरा दरवाजा, एकच ब्राउझर सगळ्यांचा. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. दुकानाच्या कॉम्प्युटरवर पोरगा गेम बघतो, कामावरचा मुलगा गाणी लावतो, आपण बँक उघडतो, आणि हे सगळं एकाच खिडकीत. क्रोममध्ये वर उजवीकडे गोल चित्र असतं, तिथून नवीन प्रोफाइल करता येतं. एक 'धंदा', एक 'घर'. 'धंदा' मध्ये तेवढेच बुकमार्क, एकही एक्सटेन्शन नाही. माझ्याकडे हे वेगळं असतं तर अकोल्याच्या भिंतीवर दुसऱ्यांचे आयडी झळकले नसते.

पण प्रोफाइल म्हणजे कुलूप नाही, हे लक्षात घ्या. त्या कॉम्प्युटरवर बसलेला कुणीही दुसऱ्याचं प्रोफाइल उघडू शकतो. खरं कुलूप हवं असेल तर विंडोजमध्येच दोन वेगळे युजर करा आणि आपल्या युजरला पिन लावा. विंडोजला पासवर्डच नसेल तर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड कुणीही उघडून वाचू शकतं, बसल्या जागी.

मग पासवर्ड साठवायचे की नाही? बरेच जण सांगतात, अजिबात नाही. मी तसं सांगत नाही. साठवायचे नाहीत म्हटलं की लोक काय करतात ते मला माहीत आहे: सगळीकडे एकच पासवर्ड, त्यात आपलं नाव आणि १२३, आणि वर काउंटरच्या काचेखाली चिठ्ठी. त्यापेक्षा विंडोजला पिन लावून पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवलेले बरे. त्याचा एक फायदा फार कमी लोक सांगतात. ब्राउझर पासवर्ड भरतो तो साइटचा पत्ता बघून. पान हुबेहूब जीएसटीसारखं दिसतंय, पण पासवर्ड आपोआप भरला जात नाहीये, तर हात मागे घ्या आणि पत्ता वाचा. आपले डोळे फसतात, ब्राउझरचे त्या बाबतीत फसत नाहीत. बँकेचा पासवर्ड तेवढा मात्र डोक्यात ठेवा. ताईंचं उदाहरण समोर आहे.

आता सेफ ब्राउझिंग. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'सिक्युरिटी' उघडलं की हे दिसतं: एनहान्स्ड, स्टँडर्ड आणि बंद. बंद असेल तर ताबडतोब चालू करा. धंद्याच्या प्रोफाइलला मी एनहान्स्ड सुचवतो. त्याची किंमत अशी की तुम्ही कुठली पानं उघडता याची जास्त माहिती गूगलकडे जाते. मला धंद्याच्या चार साइटसाठी हा सौदा मान्य आहे, घरच्यासाठी तुमचं तुम्ही ठरवा. तिथेच 'ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स' आहे, तेही चालू ठेवा. मात्र कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. ते चिन्ह एवढंच सांगायचं की तुमच्यात आणि साइटमध्ये कुणी कान लावून बसलेलं नाही. साइटच चोराची असली तरी कुलूप दिसायचं. लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमनं सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच बदलून टाकलं.

खरा इशारा आणि खोटा इशारा कसा ओळखायचा, हे प्रत्येक बॅचमध्ये विचारतात. ब्राउझर स्वतः अडवतो तेव्हा पूर्ण लाल पान येतं, ही साइट धोकादायक आहे असं सांगतं आणि मागे फिरायचं बटण देतं. त्यात आवाज नसतो, उलटी मोजणी नसते, आणि फोन नंबर तर कधीच नसतो. फोन नंबर दिसला की समजा, खोटं. खिडकी बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमत नसेल तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा. काही जळत नाही.

एक्सटेन्शनबद्दल थोडक्यात: फोटोची पीडीएफ करणारं, व्हिडिओ उतरवणारं, कूपन शोधणारं, असं जे जे टाकलं असेल ते उघडून बघा. 'सर्व साइटवरचा सर्व डेटा वाचू आणि बदलू शकतो' अशी परवानगी त्याला असेल, तर बँकेचं पानही त्यात आलं. लागत नसेल तर काढा.

आणि अपडेट. क्रोम स्वतःला अपडेट करतो, पण बंद करून उघडल्यावर. आपल्याकडे दुकानाचा कॉम्प्युटर महिना महिना बंद होत नाही. रोज शटर ओढताना ब्राउझरही बंद करा. ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे, आणि टॅलीपायी ते बऱ्याच जणांकडे आहे, त्यांच्यासाठी क्रोमचे अपडेट २०२३ च्या सुरुवातीलाच थांबले. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढचे काही महिने सुरक्षा अपडेट हवे तर वेगळी नोंदणी करावी लागते. लगेच नवा कॉम्प्युटर घ्या असं मी म्हणणार नाही, भांडवल कुठं लावायचं हे मला कळतं. जुन्या मशीनवर टॅली चालू द्या, बँक आणि जीएसटी मात्र त्यावर उघडू नका. त्यापेक्षा अपडेट मिळणारा साधा मोबाइल बरा.

कुकीज, सिक्युअर डीएनएस, ट्रॅकिंग वगैरेवर तासतासभराचे व्हिडिओ आहेत. वेळ असेल तर बघा. पण थर्ड पार्टी कुकीज बंद केल्यावर पेमेंटचं पान अडकलं म्हणून वैतागून लोक सगळीच सेटिंग मागे फिरवतात, हे मी पाहिलेलं आहे. वर सांगितलेलं आधी करा.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही, सेवा केंद्रात किंवा कॅफेत बसून फॉर्म भरतात, त्यांनी तिथे 'गेस्ट' खिडकी उघडून मागावी. बंद केली की त्यातलं लॉगिन, इतिहास पुसला जातो. उतरवलेल्या फाइल मात्र पुसल्या जात नाहीत. कुठल्याही कॅफेत 'डाउनलोड्स' उघडून बघा, निम्म्या तालुक्याची आधार कार्डं तिथे पडलेली असतात. आपली फाइल स्वतः डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. केंद्रवाल्या दादाला वाईट वाटेल म्हणून लाजू नका.

"माह्याजवळ काय हाय चोरायले?" हे मी किती वेळा ऐकलं याला हिशेब नाही. तुमच्याजवळ गटाचे पैसे आहेत, व्यापाऱ्याचे आगाऊ आलेले आहेत, गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. तुमचं थोडंच असेल, पण तुमच्याजवळ दुसऱ्यांचं बरंच आहे.

एवढं करूनही पैसे गेलेच तर लाजेत दोन दिवस घालवू नका. लगेच १९३० ला फोन लावा, बँकेला कळवा, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, मध्येच अडवता येतात ते पहिल्या काही तासांत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, असा व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर तुमच्यावर बोजा येत नाही. ओटीपी आपण स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतीत घड्याळ महत्त्वाचं.

ताईंचा लॅपटॉप मी मुलीच्याच हातून नीट करून घेतला. मी फक्त शेजारी बसून सांगत होतो, बटणं तिनं दाबली. तुम्हीही भाच्याला किंवा दुकानदाराला 'करून दे' म्हणू नका, स्वतः करा, नाहीतर कुणी काय उघडं ठेवलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.

अकोल्याच्या पुढच्या बॅचमध्ये आपण हे सगळं सोबत बसून करणार आहोत. येताना लॅपटॉप आणा, चार्जर आणा, आणि ईमेलचा पासवर्ड आठवून या. मागच्या वेळी सात जणांना तो आठवतच नव्हता, आणि एका भाऊंनी तो घरी फोन करून सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारून घेतला.